नाण्याची बोली आणि वरची रक्कम

नाण्यांच्या लिलावाची छापील यादी उघडली की प्रत्येक नाण्याखाली धातू, वजन, टांकसाळ व अंदाजी किंमत यांची नोंद आढळते. यादीच्या अखेरीस, बहुधा बारीक टाइपात, विक्रीच्या अटी दिलेल्या असतात. नाण्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी पहिला भाग बारकाईने वाचतात व दुसरा व्यापाऱ्यांचा म्हणून सोडून देतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हा सोडून दिलेला भाग होय. नाण्याच्या व्यवहारात बोललेला आकडा व प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांत अंतर असते. हे अंतर आजचे नाही. ते कोणाच्या पदरी पडले आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळाले, हे पाहिल्याखेरीज त्या आकड्याचा ऐतिहासिक अर्थ लागत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

प्रारंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करणे सोयीचे होईल. कन्नड तालुक्यातील पिशोर व त्याभोवतीची गावे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव लागते, आणि तो खानदेशाचा मुलूख १८१८ पासून इंग्रजी अमलाखाली होता. घाटाच्या वर निजामाचा हाली शिक्का, घाटाखाली इंग्रजी कलदार. दोहोंचे नाव ‘रुपया’ हेच. मोल मात्र एक नव्हे. विसाव्या शतकातील सरकारी हिशेबात १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा दर धरीत. चाळीसगावच्या पेठेतील शंभर रुपयांचे देणे हाली रुपयांत फेडावयाचे झाल्यास घाटावरच्या शेतकऱ्याला सोळा रुपयांहून अधिक रक्कम वर मोजावी लागे, आणि सराफाने आपली कसर कापली तर ती निराळीच. उलट, या भागातील एखाद्या जुन्या खरेदीखतात नुसते ‘१०० रुपये’ असे वाचून अभ्यासकाने ते कलदार समजले, तर त्याची चूक होते. कारण १०० हाली म्हणजे सुमारे ८५ रुपये ११ आणे कलदार. तेव्हा कागदावरील रुपया कोणता, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात पहिलाच ठरतो.

पेशवाईत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी अशी अनेक टांकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. महसूल ठरलेल्या नाण्यात भरावा लागे. दुसऱ्या नाण्यात भरल्यास जो बट्टा बसे, तो रयतेच्या नावे पडे. नाणे पारखण्याचे काम गावात पोतदाराकडे असे, आणि त्या कामाबद्दल त्याचा हक्क ठरलेला असे. येथे शब्दाच्या इतिहासाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. ‘बट्टा’ या शब्दाचे आज मराठीत दोन अर्थ आहेत: नाणे बदलताना होणारी कपात, आणि नावाला लागणारा डाग. कमी प्रतीचे नाणे आणि डागाळलेली अब्रू या दोहोंना भाषेने एकच शब्द लावला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्याच्या हातून कपात होते त्याच्याविषयीचा संशय या शब्दात उतरला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. याउलट ‘वटाव’ व ‘वटणे’ या शब्दांना असा कलंक चिकटला नाही. हुंडी वटे, तसा आज धनादेश वटतो.

याहून मागे गेल्यास कौटिलीय अर्थशास्त्राचा पुरावा मिळतो. दुसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायात रूपदर्शक नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगताना तीन आकारण्या दिल्या आहेत: रूपिक शेकडा आठ, व्याजी शेकडा पाच, आणि पारीक्षिक, म्हणजे पारखण्याची फी, शेकडा एक-अष्टमांश. या तरतुदीत आकारणीचे नाव, तिचा दर आणि निदान शेवटच्या आकारणीचे कारण ही तिन्ही स्पष्ट आहेत. परीक्षा केली म्हणून पारीक्षिक. चढाओढीने होणाऱ्या विक्रीचे नियमही याच ग्रंथात आहेत. शुल्कनाक्यावर व्यापाऱ्याने मालाची किंमत सांगून ‘कोण घेतो?’ असे तीनदा पुकारावे, आणि गिऱ्हाइकांच्या चढाओढीने किंमत वाढल्यास ती वाढ शुल्कासह राजकोशात जावी, असा नियम आहे. वास्तूच्या विक्रीत बोली मान्य झालेला मनुष्य सात रात्रींत पुढे आला नाही, तर विकणाऱ्याला ती दुसऱ्यास विकण्याची मोकळीक दिली आहे. आजच्या लिलावगृहांच्या अटींत पैसे भरण्याची मुदत व ती चुकल्यास फेरविक्री ही कलमे असतात. त्यांचे हे फार जुने रूप म्हणावे लागेल. ग्रंथातील नियम प्रत्यक्षात कितपत पाळले जात, हा प्रश्न वेगळा.

लिलावाच्या मराठी परिभाषेतही दोन कारभारांच्या खुणा आहेत. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, म्हणजे समुद्रमार्गे, आला. मराठवाड्यातील मोंढ्यात ऐकू येणारा ‘हर्राशी’ हा शब्द मूळ अरबी असून फारसी-उर्दूच्या द्वारे जमिनीवरून आला. परंतु या विक्रीचा गाभा असलेला शब्द, ‘बोली’, आपला आहे. बोली म्हणजे भाषा, बोली म्हणजे करार, आणि बोली म्हणजे पुकारलेली किंमत. बोललेला शब्द बांधून ठेवतो, ही जाणीव तिन्ही अर्थांच्या मुळाशी आहे. १९३० च्या माल-विक्री कायद्यातील कलम ६४ नेमके याच जागी रेषा ओढते: हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. विकणाऱ्याला स्वतः बोली लावावयाची असल्यास तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. खोट्या बोलीने किंमत फुगविल्यास गिऱ्हाईक व्यवहार रद्द करू शकते.

आता आधुनिक भराकडे वळू. पूर्वी लिलाव करणारा आपली दलाली मुख्यतः विकणाऱ्याकडून घेई. १९७५ साली लंडनमधील ख्रिस्तीज व सदबीज या दोन गृहांनी विकत घेणाऱ्यावरही शेकडा दहा आकार बसविला. व्यापाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला, तरी पद्धत टिकली व जगभर पसरली. संग्राहक तिला ‘बायर्स प्रीमियम’ म्हणतात. दर गृहागणिक वेगळा असतो. समजा, तो एक-पंचमांश आहे आणि एखाद्या नाण्यावर दहा हजारांना हातोडा पडला. तर घेणाऱ्याला बारा हजार, त्यावरील कर आणि टपाल व विम्याचा खर्च असे सर्व मिळून द्यावे लागते. पूर्ण रक्कम पोचेपर्यंत नाणे सामान्यतः ताब्यात मिळत नाही. भारतात २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. म्हणून मोठ्या खरेदीची रक्कम बँकेमार्फतच चुकती होते.

यात संशोधकाला एक सापळा आहे. ‘विकले गेलेले मोल’ म्हणून जे आकडे प्रसिद्ध होतात, त्यांत काही प्रीमियम धरून असतात, काही केवळ हातोड्याचे असतात. १९७० चा आकडा व १९९० चा आकडा शेजारी मांडून नाण्याची किंमत किती वाढली हे सांगणारा विद्यार्थी, अटींचे पान न वाचल्यास, हाली आणि कलदार यांची सरळ बेरीज करणाऱ्या कारकुनाइतकीच चूक करतो.

तथापि अधिक गंभीर प्रश्न मोबदल्याचा आहे. या वरच्या रकमेत घेणाऱ्याला काय मिळते? त्याच्या पावतीवर बोली, आकार, कर यांची पैशापर्यंत नोंद असते. नाणे कोणत्या गावी, कोणत्या जमिनीत, कोणत्या नाण्यांसोबत सापडले, याची बहुधा नसते. ही उणीव किती मोठी आहे, हे जोगलटेंभीच्या उदाहरणावरून कळेल. नाशिकजवळील या गावी १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील १३,२५० नाणी एकत्र तपासता आली, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविल्याचे दिसून आले. क्षहरातांच्या पराभवाविषयी नाशिकच्या लेण्यात जे कोरलेले आहे, त्याला या मोजणीने धातूचा आधार मिळाला. हीच नाणी एकेक करून तेरा हजार पावत्यांनिशी विकली गेली असती, तर प्रत्येक नाणे सुंदर राहिले असते. ते प्रमाण मात्र कोणालाच मोजता आले नसते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली झालेल्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तो कलेक्टरला कळविण्याचे बंधन घातले. सरकारला निधी हवा असल्यास धातूच्या किमतीवर तिचा एक-पंचमांश अधिक देऊन तो घेता येई. म्हणजे तेथेही वरची रक्कम आहेच, आणि ती नाणे शोधणाऱ्या व जमीनमालक यांसारख्या हक्कदारांकडे जाते. परंतु सातवाहनांच्या शिशाच्या वा पोटीनच्या नाण्याची धातू म्हणून किंमत ती काय, आणि तिचा पाचवा हिस्सा तो काय! बाजार त्याच नाण्याला कित्येक पटींनी अधिक देतो. शोधणाऱ्याला खरे बोलण्याचा मोबदला इतका अल्प असल्यास, नांगराला लागलेले नाणे कचेरीत न जाता आठवडी बाजारात गेले, तर दोष केवळ शेतकऱ्याच्या पदरी टाकता येत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरविले; त्याच्या व्यापाराला परवाना लागतो व खाजगी निर्यातीस मनाई आहे. हे आवश्यकच होते. परंतु कायदा नाणे देशात ठेवू शकतो. त्याचे गाव त्याला परत देऊ शकत नाही. ते काम नोंदीनेच होते. पारीक्षिक घेणारा निदान परीक्षा करीत असे. आज जो आकार घेतला जातो, त्याच्या बदल्यात नाण्याचे पूर्ववृत्त, जितके ज्ञात असेल तितके, यादीत लिहून मिळावे, ही मागणी अभ्यासकांनी करणे गैर नाही. आपल्यापुरते आपण आजच करू शकतो ते हे: दप्तरातील रुपया वाचताना त्याचा शिक्का विचारावा, लिलावातील किंमत वाचताना तिच्या अटी वाचाव्यात, आणि पिशोरसारख्या गावी कोणी नाणे दाखवावयास आणले, तर त्याची किंमत सांगण्यापूर्वी ते कोणत्या शेतात सापडले हे विचारून लिहून ठेवावे.