पुरात गेलेली आईची फाईल

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, ही बातमी देशभर झाली. उल्हास नदी आपल्या घरांत शिरली, ते आपल्यालाच आठवतं. आमच्याकडे कमरेएवढं पाणी. गहू-तांदूळ गेले, ते परत भरले. आईची बीपी-शुगरची फाईल गेली, ती गेलीच. दवाखान्यातली रजिस्टरंही चिखलात. डॉक्टर विचारतायत, "गोळी कुठली चालू होती?" आई सांगतेय, "पांढरी, छोटी."

तेव्हापासून आरोग्याच्या नोंदी हा माझा आवडता विषय. लोक हसतात, हसू देत.

नोंदीने जीव वाचतो हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक नवजात बाळ कागदावर उतरवलं. लिहिणाऱ्या कोण? गावातल्याच कमी शिकलेल्या बायका. वजन किती, श्वास किती, दूध ओढतं का. आजारी बाळ वेळेत कळायचं, उपचार घरीच. शेजारच्या 47 गावांशी तुलना केली, तर नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. कॉम्प्युटर नव्हता हो तिथे! पण लिहिलेलं त्याच दिवशी वापरलं जायचं.

मग कॉम्प्युटर कशाला? तर माणूस हलतो म्हणून. आपल्या पट्ट्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड झोपडीत भिजतं, नाहीतर हरवतं. भट्टीजवळच्या नर्सताईंना कळत नाही कुठला डोस झाला, आणि गावच्या यादीत ते बाळ 'गैरहजर'. रजिस्टर गावात राहतं, बाळ नाही. ऑनलाईन नोंद असेल तर दोन्हीकडच्या ताईंना तेच पान दिसतं.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. 2009 च्या सुमारास माता-बालकांची ऑनलाईन नोंद सुरू झाली, सप्टेंबर 2021 मध्ये देशभर 14 आकडी 'आभा' नंबर आला. पण एक समजून घ्या, नंबर काढला म्हणजे फाईल तयार झाली असं नाही. दवाखान्याने तपासणी त्याला जोडली तरच आत काही दिसणार, आणि तेही तुमच्या संमतीने. आपल्याकडे कॅम्प लावून कार्डं वाटतात, फोटो काढतात, पुढे सगळं शांत. नर्सताई आधी रजिस्टर भरतात, मग तेच टॅबमध्ये. एकच काम दोनदा! त्यात रेंज गेली, लाईट गेली की संध्याकाळी घरी बसून.

आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी मोजलं जातं, त्याचं बिल होतं. गावातल्या गरोदर बाईचं मागच्या महिन्यातलं हिमोग्लोबिन मात्र तिच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या कागदावर असतं.

येत्या ग्रामसभेत मी एवढंच विचारणार आहे: आभा कार्डं किती वाटली ते नको, किती कार्डांना एक तरी तपासणी जोडली ते सांगा. तुम्हीही या.