पाहुणा, वेस आणि वाटाड्या

आमच्या वऱ्हाडात दारी आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मग ‘कोन्या गावचे बाप्पा?’ अशी विचारपूस होते. हा झाला घराचा रिवाज. परंतु माणूस जसा घरी येतो तसा तो गावातही येतो. तेथे त्याला पाणी कोणी द्यावयाचे? वाट कोणी सांगावयाची? आणि काही मोबदला न घेता आपले गाव परक्याला हिंडवून दाखविणे हे कोणाचे काम? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचा इतिहास धुंडाळू लागले म्हणजे अमरावती आणि अकोला या आपल्या दोन शहरांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या जडणघडणीत हात घालावा लागतो. आज आम्ही तेच करणार आहोत.

परक्याला गाव दाखविणारा जुन्या काळचा माणूस म्हणजे क्षेत्रोपाध्याय. नाशिक-त्र्यंबकाला, पंढरपुराला किंवा काशीला यात्रेकरू पोचला की उपाध्ये त्याचे आडनाव नि गाव विचारीत, वही उघडीत आणि त्याच्या आज्याची-पणज्याची नोंद काढून दाखवीत. राहावयास जागा, स्नानाचा घाट, देवदर्शनाचा क्रम या सर्वांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. ही मोठी सोय होती यात संशय नाही. मात्र तिच्या दोन मर्यादा होत्या. एक तर ती दक्षिणेवर चाले, आणि दुसरे म्हणजे ती क्षेत्र दाखवी, गाव दाखवीत नसे. ज्या गावी मोठे तीर्थ नाही, त्या गावी येणाऱ्याला तर वहीही नाही आणि वाटाड्याही नाही.

वऱ्हाडात असा पाहुणा मोठ्या संख्येने आला तो कापसामुळे आणि आगगाडीमुळे. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोला त्याच वाटेवर पडले. अमरावती बडनेऱ्याच्या फाट्याने जोडली गेली. मुंबईचे दलाल, इंग्रज व्यापाऱ्यांचे गुमास्ते, सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे मिस्त्री आणि खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून आलेले शेतकरी यांनी बाजार भरून जाऊ लागले. यांतला शेतकरी हाच खरा परका. त्याला ना भाव ठाऊक, ना काट्याची खात्री. अडत्याच्या ओसरीवर तो उतरे आणि अडत्या दाखवील तेवढेच शहर पाही. या अडाणी पाहुण्याची लूट थांबविण्यासाठीच १८८६ साली कारंजा येथे नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे देशभर पसरलेल्या बाजार समित्यांचे मूळ येथे आहे. शहराने परक्याशी कसे वागावे याचा आपल्याकडचा पहिला लेखी नियम हा असा वजनकाट्याशी बांधलेला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच १८९७ सालच्या डिसेंबरात अमरावतीवर दुसरीच एक परीक्षा आली. राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. तोपर्यंतची अधिवेशने मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, नागपूर, लाहोर, पुणे अशा ठिकाणी झाली होती. त्या मालिकेत अमरावती हे सर्वांत लहान गाव. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ३४ हजार भरली, यावरून कल्पना यावी. साल तर असे बिकट की विचारू नये. दुष्काळाने देश पोळलेला, मुंबई-पुण्यास प्लेगचा कहर, जूनमध्ये पुण्यास रँडवर गोळी झाडली गेलेली आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झालेली. अशा वेळी सरकारच्या डोळ्यांदेखत राष्ट्रीय सभेला घरी बोलावणे हे धाडस होते. ते धाडस अमरावतीने केले. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे, ज्यांच्या वकिलीइतकाच त्यांच्या दिलदार आतिथ्याचाही लौकिक होता. अध्यक्ष होते मद्रासचे शंकरन नायर. टिळकांच्या शिक्षेबद्दल सुरेंद्रनाथ बॅनर्जी याच मंडपात कळवळून बोलले.

सुमारे सातशे प्रतिनिधी आले. कोणी बंगाली, कोणी मद्रासी, कोणी पंजाबी. कोणाचे जेवण कसे, कोणाचे सोवळे कसे, कोणाला मराठीचा एक शब्द कळत नाही. अशा अधिवेशनांतून जो एक नवा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात उभा राहिला, त्याचे नाव स्वयंसेवक. स्टेशनवर गाडी आली की पाहुण्यांना उतरवून घ्यावयाचे, मुक्कामी पोचवावयाचे, मंडपाची वाट दाखवावयाची, आणि हे सारे पदरचे खाऊन करावयाचे. शब्दच पाहा: सेवा जुनीच, पण ‘स्वयं’ नवे. राजाने नेमला नाही, देवस्थानाने नेमला नाही, दक्षिणा नाही, वतन नाही. आपणहून पुढे आला. इतिहासाची पुस्तके अध्यक्षांची नावे सांगतात, ठराव सांगतात. पहाटेच्या थंडीत कंदील घेऊन फलाटावर उभा राहिलेला पोरगा त्यांत सापडत नाही. पण परप्रांतीयाने परत जाऊन ज्या गावाची आठवण सांगितली असेल, ते गाव त्याला त्या पोराने दाखविले होते.

स्वयंसेवक म्हटले की सारे गोमटेच असे मात्र समजू नये. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या अधिवेशनास आफ्रिकेहून आलेले गांधीजी हजर होते. तेथे त्यांना असे दिसले की, एका स्वयंसेवकाला काम सांगावे तर तो दुसऱ्यावर ढकलतो, दुसरा तिसऱ्यावर. आणि शौचकूपांची घाण झाली असता ते काम आमचे नव्हे, भंग्याचे आहे, असे म्हणून सारे मोकळे होतात. तेव्हा गांधीजींनी स्वतःच झाडू मागून घेतला. बिल्ला लावल्याने सेवा अंगी येत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

झाडूची गोष्ट निघाली म्हणजे वऱ्हाडी माणसाला गाडगेबाबांची आठवण न होणे अशक्य. १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे जन्मलेला हा पुरुष गावात पाहुणा म्हणून येई आणि कोणाच्या ओसरीवर बसण्याआधी गावचे रस्ते झाडू लागे. पाहुण्यानेच गावकऱ्यांना त्यांचे गाव दाखवावे, तेही त्यातल्या घाणीसकट, असा हा उलटा प्रकार! दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावयाची. मिळालेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरास अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. उपाध्यायाच्या वहीत ज्याचे नाव नव्हते त्या पाहुण्याची सोय त्यांनी लावली. १९५६ च्या २० डिसेंबरला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीसच आहे.

अकोल्याचे उदाहरण वेगळ्या वळणाचे. १९१२ साली मराठी साहित्य संमेलन अकोल्यास भरले. अध्यक्ष होते हरि नारायण आपटे. योग असा की, त्याच साली बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद आपल्या अमरावतीच्या रंगनाथ नरसिंह मुधोळकरांकडे होते. म्हणजे एकाच वर्षी वऱ्हाड पाहुणाही झाले आणि यजमानही. पुढे १९८१ साली गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा अकोल्यास आले आणि १९८९ साली के. ज. पुरोहितांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस. साहित्याचा पाहुणा मोठा चिकित्सक. ‘ही वेस कोणाची? हे नाव असे का?’ असे त्याने विचारले आणि यजमानाने डोके खाजविले, तर मांडव कितीही मोठा असो, गावाची शोभा व्हावयाची ती होतेच.

म्हणून विचारले पाहिजे, की पाहुण्याला आपण दाखवावयाचे काय? अमरावतीचा परकोट घ्या. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून बचाव व्हावा म्हणून निजामाच्या अमदानीत १८०७ साली तो बांधावयास घेतला. नागपुरी वेस, खोलापुरी वेस, अंबा वेस, जवाहर गेट ही नावे आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. वेशींच्या जोडीला लहान दारे होती, त्यांना खिडक्या म्हणत. त्यांतली एक खुनारी खिडकी. १८१६ साली तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सातशे माणसे पडली असे सांगतात, आणि त्या रक्तानेच तिला हे नाव दिले. जो पाहुण्याला वेशीची कमान दाखवितो आणि खिडकीजवळून मुकाट्याने पुढे नेतो, त्याने अर्धाच परकोट दाखविला. अकोल्याहून बाळापुराकडे गेले तर नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची छत्री लागते. पुरंदरच्या तहाचा हा मोगल सेनापती. शिवाजी महाराजांना आग्र्यास धाडणारा. त्याची छत्री आपण जपली आणि तिच्या दगडी कोरीवकामाची वाहवा करतो, यात विसंगती नाही. गाव म्हणजे आपल्या मित्रांचीच तेवढी स्मारके नव्हेत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १८९७ साली मद्रासच्या पाहुण्याला सन्मानाने मिरवीत नेणारे हेच शहर. परंतु तीस वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, याच अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली, ती कशासाठी? अंबादेवीच्या मंदिरात आम्हांला प्रवेश द्या, हे सांगण्यासाठी. मागणारे कोणी परप्रांतीय नव्हते. याच गावात जन्मलेली, याच गावचे रस्ते झाडणारी, याच बाजारात हमाली करणारी माणसे होती ती. परक्याला आपण देवीपर्यंत नेले आणि शेजाऱ्याला पायरीवर अडविले. पाहुणचाराचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळावी असे काहींना वाटेल. आम्हांला वाटते, की हीच गोष्ट प्रथम सांगावी. ज्या गावात गावकरीच परका, त्या गावाने पाहुण्याला घातलेला हार कितीही टपोऱ्या फुलांचा असला तरी उसनाच.

परदेशात या कामाला संस्थेचे रूप आले आहे. इंग्लंडात यॉर्क नावाचे जुने शहर आहे, अमरावतीसारखेच तटबंदीचे. तेथील नागरिकांनी १९५१ साली स्वयंसेवी वाटाड्यांची संघटना काढली. ते शहर फुकट हिंडवून दाखवितात. न्यूयॉर्कमध्येही १९९२ साली लिन ब्रूक्स या बाईंनी असाच उपक्रम सुरू केला, आपल्या मोहल्ल्याचा माणूसच तो मोहल्ला दाखवील अशा कल्पनेने. यात अपूर्व असे काही नाही. आपण १८९७ साली तीन दिवसांच्या अधिवेशनासाठी जे केले, ते त्यांनी बारमाही केले, इतकेच.

आपल्याकडे पाहुणे कमी झाले आहेत काय? मुळीच नाही. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीस १९८३ पासून गाडगेबाबांच्या नावाने चालणारे विद्यापीठ आहे. मेळघाटातून कोरकू पोरगा प्रवेशाचा कागद मुठीत धरून बसस्थानकावर उतरतो. खेड्यातली म्हातारी आजारी नातवाला घेऊन दवाखान्याची वाट विचारीत फिरते. हे आजचे प्रतिनिधी आहेत. फक्त यांच्यासाठी मंडप नाही आणि बिल्ला लावलेला स्वयंसेवक नाही. किल्ले दाखविणारे मिळतील, पण कचेरीची खिडकी दाखविणारा मिळत नाही. दर शाळेने, दर वाचनालयाने आठवड्यातला एक दिवस पाच मुले बसस्थानकावर उभी केली तर खर्च काही नाही. त्यांना आधी आपला परकोट पायांनी हिंडवून आणावे, खुनारी खिडकीची नि अंबादेवीच्या पायरीची हकीकत सांगावी, आणि मग उभे करावे. दुसऱ्याला वाट सांगावयाची म्हणजे ती आपणांस ठाऊक असावी लागते, हा या कामातला सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो पाहुण्यापेक्षा यजमानाला अधिक होतो.