वाकड्या अंगणातली शर्यत
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मार्गासनीत बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, आणि तो लागला की भातखाचरांचे बांध साबणासारखे निसरडे होतात. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना आमचे गाव लागते. त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात. रविवारी राजगडावर निघालेली शहरातली मुले फाट्यावर गुंजवण्याचा रस्ता विचारतात आणि संध्याकाळी चिखलाने माखून, कोण कुठे घसरले याच्या कहाण्या सांगत परततात.

माझ्या लहानपणी गावात एक आजोबा होते. एक पाय गुडघ्यापासून नव्हता. काखेत दोन कुबड्या घेऊन ते भर श्रावणात त्याच बांधांवरून उतरत. आम्ही धडधाकट पोरे आपटायचो, ते पडलेले मी कधी पाहिले नाहीत. सरळ मात्र ते कधीच उतरत नसत. अंग तिरके करायचे, कुबड्या रोवायच्या, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, असे नागमोडी खाली यायचे. आम्ही बघत उभे राहिलो की खेकसायचे, "तमाशा हाय व्हय?"

पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर एका पायावर बर्फाचा डोंगर उतरणारा खेळाडू पाहिला आणि मला हे आजोबा आठवले. तीच तिरकी उतरण, तसेच हातातले दोन आधार. फरक इतकाच, की त्याच्या कुबड्यांच्या टोकांना छोट्या घसरपट्ट्या बसवलेल्या होत्या.

या खेळाचा इतिहास युद्धातून निघतो. फ्रान्झ वेंडेल नावाच्या एका पाय गमावलेल्या माणसाने १९४२ साली कुबड्यांना आखूड स्की बांधल्या आणि शर्यतीत उतरला. पायाखालची एक आणि हातांतल्या दोन अशा तीन रेघा बर्फावर उमटतात. ऑस्ट्रियात सेप झ्विकनागल नावाचा सैनिक होता. हातबाँबने त्याचे दोन्ही पाय नेले. तो कृत्रिम पायांवर स्कीइंग शिकला आणि पुढे इतरांना शिकवू लागला. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइन गावी अशा खेळाडूंची, नोंद असलेली पहिली स्पर्धा झाली. खेळाडू होते अवघे १७.

त्याच १९४८ साली, २९ जुलैला, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्या दिवशी, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिकांनी खुर्च्यांत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. ती भरवणारे डॉक्टर लुडविग गुटमान हे ज्यू होते, हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये निसटलेले. मणका मोडलेला माणूस म्हणजे काही महिन्यांचा सोबती, अशी तेव्हा वैद्यकाची समजूत होती. गुटमाननी त्याला चेंडू दिला, बाण दिला, घाम गाळायला लावला. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. पांगळा डोंगर ओलांडून गेला तर आपल्याकडे ती देवाची कृपा ठरते. त्यासाठी देवळात नवस बोलतात नि दर्ग्यात चादर चढवतात. नवस करणाऱ्यांना मी हसत नाही. पण या माणसांनी कृपेची वाट पाहिली नाही, एवढे खरे.

पहिले हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमधल्या ऑर्नशोल्ड्सविक गावी झाले. १६ देश आले होते. शर्यती हातपाय गमावलेल्यांसाठी आणि अंधांसाठी होत्या. खुर्चीतल्या माणसाला उतारावर जागा नव्हती. त्याच्यासाठी बसायची स्की निघाली: खाली एकच पट्टी, तिच्यावर धक्के झेलणारी स्प्रिंग, वर आसन आणि हातांत त्याच आखूड स्कीच्या काठ्या. १९८४ साली इन्सब्रुकला ती प्रात्यक्षिक म्हणून दाखवली गेली आणि चारच वर्षांनी पदकांच्या शर्यतीत आली. मराठीत आपल्याकडे पांगुळगाडा हा फार गोड शब्द आहे. पण हा पांगुळगाडा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो.

अंधांची शर्यत मला सर्वांत विलक्षण वाटते. पुढे डोळस वाटाड्या धावतो आणि आवाजाने वळण सांगतो. मागचा खेळाडू केवळ त्या आवाजावर भरवसा ठेवून उतारावर स्वतःला झोकून देतो. पदक दोघांनाही मिळते. स्लोव्हाकियाच्या हेन्रिएटा फार्कशोवाने २०१८ साली प्योंगचांगला चार सुवर्णपदके मिळवली, तेव्हा तिची वाटाडी नतालिया शुब्रतोवा तिच्या शेजारी उभी होती. जर्मनीच्या गेर्ड शेनफेल्डरचे नावही सांगितले पाहिजे. १९८९ मध्ये रेल्वे अपघातात त्याचा उजवा हात गेला. १९९२ ते २०१० या काळात त्याने १६ सुवर्णांसह २२ पदके घेतली.

आता प्रश्न असा, की एक पाय नसलेला आणि एक हात नसलेला एकाच शर्यतीत आले तर न्याय कसा करायचा? त्यावर त्यांनी हिशेब काढला आहे. खेळाडूंचे तीन गट आहेत: उभे राहणारे, बसणारे आणि दृष्टिबाधित. गटातल्या प्रत्येकाच्या वेळेला त्याच्या शरीराच्या अडचणीप्रमाणे एका आकड्याने गुणतात. समजा, एकाला ६० सेकंद लागले आणि त्याचा गुणक ०.९ आहे, तर त्याची वेळ ५४ सेकंद धरली जाते. म्हणजे प्रत्येकाचे घड्याळ वेगळ्या गतीने चालते. कागदावर हे रुक्ष दिसते, पण दया न दाखवता बरोबरी साधायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

या शर्यतींतली अवघड ती स्लॅलम. शब्द नॉर्वेजियन आहे. उतार आणि माग या अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. उतारावर खांब रोवतात आणि त्यांच्यामधून झोकांड्या घेतल्यागत पण अचूक वळणे घेत खाली यायचे. एक फाटक चुकले की बाद. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी म्हण आपण येता-जाता वापरतो. इथे अंगण मुद्दाम वाकडे केलेले असते आणि नाचणाऱ्याचा पायही एकच.

१९७६ ते २०२२ या काळात १३ हिवाळी पॅरालिम्पिक झाली. त्यांत एकही भारतीय खेळाडू नव्हता. गुलमर्ग आपले, औली आपले, बर्फाला तोटा नाही. पण बसायची स्की महाग, शिकवणारे मोजके, आणि व्हीलचेअर घेऊन तिथवर पोचणे हीच एक शर्यत. मग मराठी माणसाने या गोष्टीत कशाला लक्ष घालावे? घालावे, कारण स्लॅलम नावाच्या शर्यतीत एक मराठी माणूस पन्नास वर्षांपूर्वीच उतरला होता. बर्फावर नव्हे, खुर्चीत बसून.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमई विभागात जवान होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, उपचार म्हणून पोहायला लावले. ठोसे मारणारे हात पाणी कापू लागले. १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जायला पैसे लागत, ते उभे करायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळाले.

मग १९७२. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकचे, पण तिथल्या क्रीडाग्रामातल्या सदनिका आधीच खासगी घरांसाठी ठरलेल्या असल्याने अपंगांच्या स्पर्धा हायडेलबर्गला गेल्या. ज्या देशातून गुटमानना पळून जावे लागले, त्याच देशात. तिथे पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. ऑलिंपिक किंवा पॅरालिम्पिकमध्ये भारतीयाने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले सुवर्ण. अभिनव बिंद्राचे त्यानंतर ३६ वर्षांनी आले.

त्याच स्पर्धेत ते भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम या तीन प्रकारांत अंतिम फेरीपर्यंत गेले होते. खुर्चीच्या स्लॅलममध्ये बर्फ नसतो. सपाट मैदानावर अडथळे आणि फाटके मांडतात आणि घड्याळाशी झुंजत त्यांमधून खुर्ची वळवत न्यायची. ज्याने चाकाची खुर्ची घरातल्या मोरीच्या उंबऱ्यावरून एकदा तरी ढकलली आहे, त्याला हे काय प्रकरण आहे ते कळेल. पेटकरांबद्दल जिथे जिथे लिहिले जाते, तिथे सुवर्णपदकाला परिच्छेद मिळतात आणि स्लॅलमला एक शब्द. मला तो एक शब्दच जास्त खुणावतो. पाणी माणसाला उचलून धरते. तिथे पायांचे ओझे हलके होते. जमिनीवर ते सगळे ओझे मनगटांवर येते.

पेटकर पुण्यात टेल्कोत नोकरीला राहिले. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ साली केलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. खाशाबा जाधवांना १९५२ चे कांस्य मिळाले आणि अर्जुन पुरस्कार मरणानंतर, २००० साली. कृष्णाकाठच्या एकाच टापूतली ही दोन माणसे. पेटकरांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, आणि आजीवन कामगिरीचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या हाती पडला. हायडेलबर्गनंतर ५२ वर्षांनी.

खुर्चीची स्लॅलम पुढे पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमातून गेली. बर्फावरची राहिली. आमच्या गावचे आजोबा तर कुठल्याच यादीत नव्हते. शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी एक कुबडी मला दिली आणि म्हणाले, बांध उतरून बघ. दोन पाय आणि एक कुबडी घेऊन मी चौथ्या पावलाला चिखलात बसलो. ते तेव्हा पहिल्यांदा हसले.