लुना, भट्टी आणि भाव : मोटर लावलेल्या सायकलची किंमत ठरते कशी?

जालन्यातून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात देतोय. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय. घरात आजोबांची काळी सायकल आहे, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये लुना उभी आहे. ती नीटनेटकी करून, मोटर बसवून विकली तर किती मागायचे? एका आकड्यात उत्तर देणारा माणूस तुम्हाला फसवतोय असं समजा. पण हा प्रश्न नवा नाही. सायकलला इंजिन लावून तिचा भाव ठरवण्याचा खेळ जगात पाऊणशे वर्षांपेक्षा जास्त चाललाय. त्यात कोण जिंकलं आणि का, हे कळलं की आपला आकडा आपल्याला काढता येतो.

सगळ्यात खालचा भाव

सुरुवात आपल्या गावापासून. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असं जुनी माणसं म्हणतात. आधी कापसाची बाजारपेठ, मग १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केल्यावर बियाण्यांचं गाव, आणि मग स्टील. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. आज ज्या स्लॅबखाली तुम्ही बसलाय, त्यात एखादी सायकल असेलही!

याचा भावाशी संबंध काय? जिथे भट्टी आहे तिथे प्रत्येक लोखंडी वस्तूला तळाचा एक भाव आपोआप मिळतो. जुनी काळी सायकल साधारण वीस किलोची. भंगाराचा दर समजा किलोला ३० रुपये धरला, तर झाले ६०० रुपये. भंगारवाला दारात येतो, काटा लावतो, रोख देतो, कागद मागत नाही. ‘ही कुणाची होती’ असंही विचारत नाही. जुनी गाडी वाचवायची असेल तर आपली पहिली स्पर्धा या सहाशे रुपयांशी असते. त्याच्यावर जे काही मिळतं, ते सायकलच्या गोष्टीचं, कामाचं आणि उपयोगाचं मिळतं.

होंडाचं पत्र

आता जपानला जाऊ. १९४६ साल. युद्ध संपलंय, ट्रेन खचाखच भरलेल्या, पेट्रोल मिळत नाही. हमामात्सु गावात सोइचिरो होंडा यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस सेटला वीज देणारी छोटी इंजिनं लागली. युद्धातलं उरलेलं सामान, म्हणजे एका अर्थानं भंगारच. त्यांनी ती सायकलींना जोडली. साधारण पाचशे इंजिनं होती, ती हातोहात संपली.

माझ्या मते खरी गंमत इंजिनात नाही, पुढच्या विक्रीत आहे. १९५२ मध्ये होंडानं सायकलला लावायचं नवं इंजिन काढलं, त्याचं नाव कब. पांढरी टाकी, लाल इंजिन. विकायला शोरूम नव्हती. कंपनीचा पैशांचा आणि विक्रीचा व्यवहार बघणारे ताकेओ फुजिसावा यांनी देशभरातल्या सुमारे ५५ हजार सायकल दुकानदारांना पत्रं पाठवली. ग्राहकाला किंमत २५ हजार येन, दुकानदाराला १९ हजार येन, पैसे आधी पाठवा आणि माल घ्या. तीस हजारांहून जास्त दुकानांनी उत्सुकता दाखवली.

हिशोब बघा. एका इंजिनामागे दुकानदाराला ६ हजार येन, म्हणजे विक्रीच्या किमतीत जवळपास चौथा हिस्सा. एवढे का सोडले? कारण इंजिन बसवणार तो, आणि बिघडल्यावर ग्राहक जाणारही त्याच्याच दारात. त्या चौथ्या हिश्श्यात पुढच्या दुरुस्तीचा भरवसा होता. आपल्याकडे कुणी सायकलला मोटर बसवून विकतो तेव्हा नेमका हाच हिस्सा तो धरत नाही. सहा महिन्यांनी बॅटरी बसली की फोन बंद, आणि मग सगळ्या धंद्याचंच नाव खराब होतं.

त्याच काळात युरोपातही हे चाललं होतं. फ्रान्सच्या व्हेलोसोलेक्सचं इंजिन पुढच्या चाकावर बसायचं आणि एका रोलरनं टायर फिरवायचं. इंग्लंडचं सायकलमास्टर १९५० मध्ये आलं. त्याची कल्पना फार हुशार : इंजिन मागच्या चाकाच्या आतच. जुनं चाक काढा, हे लावा, झालं काम. सायकलच्या सांगाड्याला हात लावायची गरज नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

हाली की कलदार?

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, त्याला म्हणायचे हाली. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशोब. म्हणून घरातल्या ट्रंकेत पणजोबांच्या सायकलची पावती सापडली आणि तिच्यावर १४० रुपये असतील, तर आधी कुठले रुपये ते बघा. हाली असतील तर मुंबईच्या हिशोबानं ते १२० होतात.

त्या काळातल्या बऱ्याच सायकली विलायती. रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए. बीएसए म्हणजे मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या खुणेत एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका दिसतात. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यासारख्या पक्ष्याची डोकी असतात. पण जपून! स्वातंत्र्यानंतर हीच नावं भारतात बनू लागली. टीआय सायकल्सचा कारखाना मद्रासजवळ अंबत्तूरला, सेन-रॅलेचा बंगालमध्ये आसनसोलला. नाव इंग्रजी आहे म्हणून सायकल विलायती ठरत नाही. ‘इंग्लंडची ओरिजिनल’ म्हणून दुप्पट भाव मागणाऱ्याला नम्रपणे सांगा, दादा, शिक्का दाखवा.

दहा तोळ्यांची लुना

आता आपली लाडकी. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लुना आणली. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या चाओ या मोपेडवरून ती घेतलेली. पन्नास सीसीचं इंजिन आणि सोबत सायकलसारखे पायडल. पायडल मारून चालू करायची, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी यायचं.

किंमत होती साधारण दोन हजार रुपये. ऐकून हसू येतं ना? पण त्या साली सोनं दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे लुनाला शंभर ग्रॅम, आजच्या बोलीत दहा तोळे सोनं लागायचं. आणि तेच वर्ष मराठवाड्याच्या भीषण दुष्काळाचं. माणसं खडी फोडायला जात होती. ‘स्वस्त लुना’ ही आठवण नंतरच्या, बऱ्या दिवसांतली आहे. सुरुवातीला ती पगारदाराची गाडी होती.

मग ती एवढी चालली कशी? कारण समोर उभी होती स्कूटरची रांग. परवाना राजमध्ये कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, आणि गंमत म्हणजे वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची. आज विचित्र वाटतं, पण हिशोब सरळ होता : नवीसाठी थांबायचं, जुनी आज मिळते. ती जास्तीची रक्कम थांबण्याच्या वर्षांची होती. अशा वेळी लुना स्वस्त होती आणि मिळत होती. मास्तर, दूधवाले, तलाठी, कॉलेजच्या मुली, सगळ्यांना झेपणारी. साडीवरही चालवता यायची, हे तिचं मोठं काम.

पुढे १९८४ मध्ये याच फिरोदियांनी होंडाशी हातमिळवणी केली आणि कायनेटिक होंडा आली. सायकलला इंजिन जोडणारा तो जपानी माणूस असा फिरून आपल्याकडे पोचला! लुना मात्र नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विजेवर परत आली, सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये.

‘व्हिंटेज’ कुणाला म्हणायचं?

आपण मोबाईलवर जाहिरात टाकताना बिनधास्त ‘व्हिंटेज’ लिहितो. कायद्याची व्याख्या वेगळी आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार दुचाकी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. इंजिनात, सांगाड्यात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. म्हणजे १९७२ ची लुना आज व्हिंटेज म्हणून नोंदवायला तिच्या मूळ किमतीच्या दहापट लागतात! आणि तरी ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच.

जुन्या सायकलला आज मोटर लावली तर? मोटार वाहन कायद्यातून सुटायचं असेल तर पेट्रोल इंजिन २५ सीसीच्या वर नको. ऑनलाइन मिळणारी ६०-८० सीसीची किट लावली की ते मोटार वाहन झालं, आणि घरी बनवलेल्या अशा गाडीला नंबर मिळणं जवळपास अशक्य. विजेचं असेल तर मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि मंजुरी चाचणी संस्थेची. ‘लायसन्स लागत नाही’ असं सांगून सोळा वर्षांच्या पोराला ताशी पन्नासनं पळणारी सायकल विकणं हा धंदा नाही. उद्या अपघात झाला तर विमा नाही, आणि जबाबदारी घ्यायला कुणीच नाही.

मग आकडा काढायचा कसा?

कागद घ्या. सगळे आकडे समजा म्हणून धरतोय. जुना सांगाडा १,५०० रुपये. रंग, टायर, आरे, सुटे भाग ४,५००. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी १८,०००. कारागिराचे आठ दिवस, दिवसाला ८०० प्रमाणे ६,४००. झाले ३०,४००. अजून नफा धरला नाही, आणि होंडाच्या दुकानदाराचा दुरुस्तीचा हिस्साही नाही. या किमतीत बाजारात नवी, वॉरंटीवाली इलेक्ट्रिक सायकल मिळू शकते. मग तुमच्याकडून कुणी का घ्यावी?

इथे गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एकाला रोज कामावर जायचंय. तो नव्या गाडीशी तुलना करणार आणि ते बरोबरच आहे. त्याच्यासाठी जुनेपणाला शून्य भाव. दुसऱ्याला ती सायकलच हवी आहे : तीन बंदुकांची खूण, चामड्याची सीट, मूळ रंगावरची सोनेरी रेघ. तो जास्त देईल, पण तुम्ही भोकं पाडली, रेघेवरून स्प्रे मारला, की त्याच्या लेखी ती सायकल संपली.

म्हणून सायकलमास्टरची आठवण ठेवा. मोटरवालं चाक वेगळं बनवा, मूळ चाक जपून ठेवा आणि विकताना दोन्ही द्या. जुन्या रॉड ब्रेकच्या भरवशावर मोटर लावू नका, पावसात लोखंडी रिमवर ते धरत नाहीत. चिमटा गंजलेला असेल तर पुढच्या चाकात मोटर नकोच. आणि काय मूळ, काय बदललेलं, काय नवं, हे पावतीवर लिहून द्या. त्या कागदामुळे तुमचा भाव भंगाराच्या भावापासून वेगळा होतो, बाकी लोखंड तेच असतं.

एक काम सांगतो. घरात सायकल किंवा लुना विकत घेतल्याची जुनी पावती असेल, नगरपालिकेचा सायकलच्या कराचा पत्र्याचा बिल्ला असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि नाव-पत्ता झाकून आम्हाला पाठवा. गाड्या भट्टीत गेल्या, पण हे कागद अजून ट्रंकेत आहेत. मंठ्यापासून भोकरदनपर्यंतच्या पावत्या जमल्या, तर आपल्या जिल्ह्यात कोणत्या साली गाडीला काय भाव होता याची यादी आपणच करू. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हवा तपासा, ब्रेक तपासा!