वाळवीचे वाचन : तंजावर, १७७९
तंजावर मुलखात तुळजाराजांच्या काळी वावरलेला लिनिअसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग याने वाळवीवर लिहिलेला जर्मन निबंध १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. तालपत्रे जपणाऱ्या सरस्वती महालाच्या नगरीत वाळवी म्हणजे ग्रंथनाश. आजचे वनविज्ञान मात्र तिच्याकडे वनाच्या स्थितीची खूण म्हणून पाहते. उष्ण कटिबंधातील अरण्य तोडून एकाच जातीच्या झाडांची लागवड केली, की माती खाणाऱ्या वाळवीच्या जाती बहुधा प्रथम विरळ होतात. लाकूड खाणाऱ्या काही टिकतात. त्यामुळे वाळवी आहे की नाही, यापेक्षा कोणती उरली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर काटेकोर वर्णनावाचून मिळत नाही. उपद्रवी कीटकालाही वर्णनयोग्य मानणे, हेच कोनिगच्या निबंधाचे ऐतिहासिक मोल होय.