अंधांचे शिक्षक आणि त्यांचा सत्कार

जुबिलीच्या स्मरणपुस्तकांत उपकारकर्त्यांचीं नांवें छापण्याची चाल आहे व ती योग्यच आहे. परंतु अशीं नांवें जुळवीत असतां एक अडचण आमच्या नेहमीं ध्यानांत येते. ज्यांनीं पुष्कळ वर्षें निमूटपणें काम केलें, त्यांचें नांव बहुधा कोणाच्या वहींत सांपडत नाहीं. आणि सांपडलें, तर तोंवर तो मनुष्य सत्कार घेण्यास उरलेला नसतो. अंधजनांच्या सेवेच्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

अंधांस आश्रय देणें ही ख्रिस्ती राष्ट्रांत जुनीच गोष्ट. फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्यास आपण संत लुई म्हणून ओळखतों, त्यानें १२६० च्या सुमारास पॅरिस येथें तीनशें अंधांसाठीं आश्रम स्थापिला. 'पंधरा वेळां वीस' या अर्थाचें त्याचें नांव आजहि चालूं आहे. मात्र अंधांस लिहावयास वाचावयास शिकविणारी शाळा त्या शहरांत निघावयास पुढें पांचशेंहून अधिक वर्षें लागलीं.

१७७१ सालीं पॅरिसांत संत ओव्हिडच्या नांवें भरणाऱ्या जत्रेंत कांहीं अंधांस कागदी चष्मे व उंच टोप्या घालून वाद्यें वाजविण्यास बसविलें होतें. समोर स्वरलिपीचीं पानें मांडिलीं होतीं, जणूं तीं त्यांस दिसतच होतीं! लोक पोट धरून हंसत होते. त्या गर्दींत व्हॅलेंटिन आउई नांवाचे पंचवीस वर्षांचे गृहस्थ उभे होते. ते विणकराचे पुत्र. अनेक भाषा शिकून दुभाष्याचें काम करीत. त्यांस हंसूं आलें नाहीं. या अंधांच्या हातीं खरोखर वाचतां येईल असें पुस्तक आपण देऊं, असा निश्चय त्यांनीं तेथें केला.

निश्चय पार पडावयास तेरा वर्षें लोटलीं. १७८४ सालीं एका देवळाच्या दारीं त्यांस फ्रान्स्वा लेस्युअर हा अंध तरुण भीक मागतांना आढळला. हा शिकावयास बसला तर घरीं खाणार काय? म्हणून जी भीक बुडेल तिच्याऐवजीं आउई यांनीं त्यास पदरचे पैसे देऊं केले. विद्यार्थ्यानें फी द्यावयाची ती गुरूनेंच विद्यार्थ्यास द्यावी, असा हा प्रकार! उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत तो मुलगा वाचूं लागला आणि पुढल्याच वर्षीं अंधांची शाळा उभी राहिली.

आतां एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. राज्यक्रांतीच्या धामधुमींत आउई आपल्या धर्मापासून दूर गेले व त्या वेळीं निघालेल्या एका नव्या पंथाचे पुढारी झाले. उलट त्यांचे वडील बंधु आबे रने जुस्त आउई, स्फटिकशास्त्राचे जनक म्हणून ज्यांची कीर्ति आहे, त्यांनीं सरकारी शपथ घेण्याचें नाकारून १७९२ सालीं तुरुंगवास पत्करला. व्हॅलेंटिन यांच्या पंथाचें समर्थन आमच्यानें होणार नाहीं. पण त्यापायीं त्यांची अंधसेवा झांकून ठेवणें हाहि अन्यायच होय.

१८०२ सालीं सरकारनें त्यांस त्यांच्याच शाळेंतून दूर केलें. ते रशियास गेले, सेंट पीटर्सबर्ग येथें अकरा वर्षांच्या आसपास राहून अंधांची शाळा चालविली आणि १८१७ त म्हातारे होऊन पॅरिसांत परतले. त्या वेळच्या संचालकानें त्यांचा क्रांतिकाळ आठवून त्यांस शाळेच्या उंबऱ्याआंत येऊं दिलें नाहीं. आसरा दिला तो त्या धर्मगुरु बंधूनें. एकमेकांच्या विरुद्ध बाजूंस उभे राहिलेले हे दोघे भाऊ अखेरीस एका छपराखालीं नांदले, हें वाचून आम्हांस फार समाधान वाटतें.

पुढें संचालक बदलला. नवे संचालक पिन्ये यांनीं ऑगस्ट १८२१ मध्यें या पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धास मानानें बोलाविलें आणि अंध मुलांनीं त्यांच्यापुढें गायनवादन करून त्यांचा सत्कार केला. सात महिन्यांनीं, मार्च १८२२ त, ते वारले. सत्कार थोडक्यांत सांपडला म्हणावयाचा!

त्या वेळीं शाळेंत बारा वर्षांचा एक मुलगा होता, लुई ब्रेल. कूपव्रे गांवच्या खोगीर करणाऱ्याचा हा पुत्र तिसऱ्या वर्षीं बापाच्या हत्यारानें डोळा दुखावून पुढें दोन्ही डोळ्यांनीं अंध झाला. १८१५ त त्या गांवीं आबे पालुई हे धर्मगुरु आले. त्यांनीं त्यास स्वतः शिकविलें, गांवच्या शाळामास्तरांकडून डोळस मुलांच्या ओळींत बसवून घेतलें व खटपट करून १८१९ त पॅरिसच्या शाळेंत धाडविलें. पालुई यांचा कोणीं समारंभपूर्वक सत्कार केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आउई यांची उठावाचीं अक्षरें वाचण्यास संथ आणि अंधास स्वतः लिहितां न येण्याजोगीं होतीं. कॅप्टन बार्बिये यांच्या बारा टिंबांच्या लिपीवरून लुईनें पंधराव्या वर्षीं सहा टिंबांची लिपि रचिली; ती १८२९ त छापून निघाली. पुढें तो त्याच शाळेंत शिक्षक झाला, पॅरिसच्या देवळांत ऑर्गन वाजवूं लागला. क्षयानें ६ जानेवारी १८५२ रोजीं तो वारला तेव्हां त्याची लिपि शाळेनें अधिकृत मानिली नव्हती; ती मान्यता १८५४ त आली. मुंबईंत १९०० सालीं मिस अ‍ॅना मिलर्ड यांनीं अंधांची शाळा काढिली, १९५१ त भारतीय भाषांकरितां भारती ब्रेल ठरलें, आणि आपली बालबोध मराठीहि त्याच सहा टिंबांनीं बोटांखालीं येते.

मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं, १९५२ त, फ्रान्सनें ब्रेलच्या अस्थि राष्ट्रांतील थोरांच्या समाधिमंदिरांत, पॅरिसच्या पॅन्थिऑनांत, नेल्या. कूपव्रेच्या लोकांनीं मात्र आपला हक्क सोडिला नाहीं. त्याचे हात त्यांनीं गांवच्या दफनभूमींतच ठेवून घेतले.