शिरिंजे

तुर्कस्तानच्या इझमीर प्रांतात, सेल्चुकपासून सुमारे ८ किमीवर डोंगरउतारावर वसलेले जुने गाव. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, लाकडी चौकटींच्या खिडक्या आणि कौलारू छपरे पाहून प्रवासी त्याला काळ थांबलेले गाव म्हणतात. ते खरे नाही. इथली शांतता उलथापालथीतून आलेली आहे. ही घरे ग्रीक ऑर्थोडॉक्स कुटुंबांची. १९२२ च्या ग्रीक-तुर्की युद्धानंतर ती कुटुंबे गाव सोडून गेली आणि १९२३ च्या लोझान करारातील लोकसंख्या-अदलाबदलीने ग्रीसमधून आलेले मुसलमान निर्वासित त्या घरांत राहू लागले. गाव टिकले ते या वस्तीमुळे. अशाच रिकाम्या झालेल्या, फेथियेजवळच्या कायाकॉय गावात नवी वस्ती रुजली नाही. तिथे आज छप्पर उडालेल्या शेकडो घरांच्या उघड्या भिंती उभ्या आहेत.

पर्यटनाने शिरिंजेचे बाजारात रूपांतर केले, हा आक्षेप निराधार नाही. मुख्य गल्लीत फळांच्या वाइनची दुकाने ओळीने लागली आहेत. पण जुन्या घराला दरवर्षी डागडुजी लागते आणि तिचा पैसा केवळ ऑलिव्ह-द्राक्षांच्या शेतीतून निघणे कठीण. म्हणून बाजाराला नावे न ठेवता पाहुण्याने तो ओलांडून वरच्या दगडी वाटांनी चढावे, सेंट जॉनच्या चर्चपर्यंत जावे. चर्च बांधणाऱ्यांचे वंशज आता या गावात नाहीत.